छायाचित्र लहान करताना

मोठी गोष्ट लहान करणे हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. वाढवायला सामग्री लागते, बुद्धी लागते. लहान करायला कात्री पुरे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आम्हां कारकुनांना मात्र त्यातले कष्ट ठाऊक आहेत. दोनशे पानांच्या नस्तीचा गोषवारा अर्ध्या पानात उतरवायचा, आणि तोही असा की वाचणाऱ्या साहेबांना मूळ प्रकरण स्वच्छ दिसावे, ह्याला एक निराळीच शिस्त लागते. हीच शिस्त छायाचित्रांच्या बाबतीत यंत्राला शिकवण्याचा योग मला अलीकडे आला. त्यातून जे सुचले ते, अर्ज मागवणे आणि तपासणे हाच ज्यांचा दिनक्रम आहे अशा वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मी बंगळूरच्या पूर्वेला महादेवपुऱ्यात राहतो. २००७ साली महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत ही स्वतंत्र नगरपालिका होती. आज भोवती काचेच्या उंच इमारती आहेत आणि संगणकावर काम करणारी तरुण मंडळी त्यांत रात्रंदिवस वावरत असतात. त्यांच्या संगतीने मीही पायथन ही संगणकभाषा शिकू लागलो. बदलीच्या गावी संध्याकाळ किती लांब असते, हे आपणांपैकी पुष्कळांना सांगायला नको.

ह्या विद्येचा उपयोग काय, हे मात्र आईमुळे कळले. ती साताऱ्याकडील एका लहान गावी एकटी राहते. वडिलांमागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासंबंधी एका कार्यालयाने संकेतस्थळावर तिचे छायाचित्र मागितले; मर्यादा २० ते ५० किलोबाइट. भाच्याने मोबाइलवर काढलेले चित्र चार मेगाबाइटांचे. ‘आकारमान अधिक आहे’ एवढे एकच वाक्य उमटे आणि अर्ज तिथेच अडे. अखेर ती एस.टी.ने तालुक्याला गेली. तेथील एका दुकानात पैसे देऊन तिने चित्र चौकटीत बसवून घेतले. ते स्वीकारले गेले. पण चेहरा आडवा पसरलेला! रात्री तिने फोनवर विचारले, “अरे, हे मीच म्हणून धरतील ना रे?” हसण्यासारखा वाटावा असा हा प्रश्न, पण तो मला हसू देईना.

चेहरा पसरतो त्यामागे साधा हिशेब आहे. मोबाइलचे उभे चित्र पुष्कळदा ३००० बिंदू रुंद आणि ४००० बिंदू उंच, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. अनेक अर्जांतील चौकट २०० बाय २३० ची, म्हणजे अवघ्या ४६,००० बिंदूंची. सुमारे २६० बिंदूंचे काम एका बिंदूने करायचे! तेही होते, परंतु दोन्ही चौकटींचे प्रमाण एक नाही. रुंदी पंधरा पटींनी घटते, उंची सतरा पटींहून अधिक. तेव्हा चेहरा सुमारे १६ टक्क्यांनी रुंद दिसणारच.

पायथनमध्ये ह्या कामासाठी ‘पिलो’ नावाचा साधनसंच आहे. फ्रेड्रिक लुंड ह्यांच्या जुन्या संचावरून तो २०१० साली निघाला. त्यातील तीन आज्ञांचे स्वभाव निरनिराळे आहेत. ‘रिसाइज’ निमूट हुकूम पाळणारी. सांगाल ती रुंदी, सांगाल ती उंची, मग चेहऱ्याचे काहीही होवो. ‘थंबनेल’ प्रमाण सोडत नाही. वरील चौकट दिली तर ती उंची २३० वर आणते आणि रुंदी सुमारे १७२ वरच थांबवते. ‘फिट’ आधी उंचीतल्या जादा ५५० ओळी कापते आणि मग चित्र लहान करते. चौकटही भरते, चेहराही बिघडत नाही. कापणी वरून कमी व खालून अधिक करावी, असेही तिला सांगता येते. मात्र त्याआधी चित्र सरळ करून घ्यावे लागते. पुष्कळ मोबाइल चित्र आडवेच साठवतात आणि ‘हे फिरवून पाहावे’ अशी टीप सोबत ठेवतात. ती टीप न वाचता लहान केलेला माणूस अर्जावर आडवा पडलेला दिसतो.

बिंदू कमी केले तरी किलोबाइट घटवण्याचे काम उरतेच. ते ‘जेपीईजी’ ही १९९२ सालची पद्धती करते. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडून, डोळ्यांना जे सहसा जाणवत नाही ते ती गाळते. तिच्या मुळाशी असलेले गणित मांडणाऱ्यांत प्रमुख असलेले नासिर अहमद ह्यांचा जन्म १९४० साली ह्याच बंगळुरात झाला आणि अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी येथेच घेतली. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत ह्या संशोधनासाठी सरकारी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी आहे, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. शेरे मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे सारे जुळवून मी आमच्या वसाहतीच्या रहिवासी नोंदणीसाठी एक लहानसा कार्यक्रम लिहिला. सत्तरीचे आजोबा मोबाइलवरचे चित्र जसे असेल तसे पाठवतात. ते सरळ करणे, कापणे, लहान करणे हे सर्व आमच्या बाजूचे यंत्र निमिषार्धात उरकते. गाळलेले बिंदू परत मिळत नाहीत, म्हणून ओळखपत्र हाती पडेपर्यंत मूळ चित्र आम्ही जपून ठेवतो. गोषवाऱ्यासोबत मूळ नस्ती जोडायची, तसेच हे.

मर्यादा मुळीच नसावी, असे माझे म्हणणे नाही. पिलो स्वतःच सुमारे ८ कोटी ९४ लाख बिंदूंपुढे इशारा देते आणि त्याच्या दुपटीपुढे चित्र उघडायचेच नाकारते; कारण लहानशा फाइलीत अवाढव्य चित्र दडवून यंत्र बंद पाडणारेही असतात. ती मर्यादा रक्षणाची आहे. ५० किलोबाइटांची मर्यादा मात्र कार्यालयाच्या सोयीची आहे. आणि सोय कार्यालयाची असेल तर तिच्यासाठी पडणारे कष्टही कार्यालयानेच उचलावेत. आपणांपैकी ज्यांच्यासमोर पुढेमागे एखाद्या नव्या अर्जाचा मसुदा येईल, त्यांनी छायाचित्राच्या रकान्यापाशी क्षणभर थांबावे आणि तिथे एवढेच लिहून घ्यावे: मोबाइलवर काढलेले छायाचित्र आहे तसे चालेल.