पोत्यात काय निघतं?

किनारा सफाईची मोहीम आटोपते, फोटो निघतात, चहा-वडापाव होतो आणि मग मला फोन येतो, "पोती भरून ठेवलीत, टेम्पो पाठवता का?" भंगार प्लास्टिकपासून दाणा बनवण्याचा माझा धंदा, त्यामुळे लोकांना वाटतं की माल बघून मी खूश होईन.

खरं सांगायचं तर धंद्यात याहून हलका माल नाही. एक कारण असं, की तुम्ही सकाळी किनाऱ्यावर पोहोचता त्याआधीच कचरावेचक तिथून फिरून गेलेले असतात. ज्याला भाव आहे ते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, कॅन, जाड डबे, त्यांनी उचललेलं असतं. तुमच्या हाती येतं ते कुणीच विकत घेत नाही असं: शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, चिंध्या झालेल्या पिशव्या, जाळ्यांचे तुकडे, एकेकटी चप्पल.

त्यात उन्हानं प्लास्टिक सडतं. हो, सडतंच म्हणतो मी. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, आणि वर्षभर वाळूत पडलेली पिशवी मुठीत चुरगाळली की तिचा भुगा होतो. अशा मालाच्या दाण्याची बादली कडीपाशीच तडकते. वाळू ग्राइंडरची पाती खाते ती वेगळीच. धुण्याच्या टाकीत पॉलिथिन (पीई) आणि पॉलिप्रॉपिलीन (पीपी) तरंगतात, बाटल्यांचं पेट बुडतं, इथवर निसर्ग आमच्या बाजूनं असतो. पण पीव्हीसीही बुडतं. पेटमध्ये त्याचे थोडे तुकडे राहिले, तरी वितळवताना ते हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात आणि अख्खा घाणा पिवळा पडून वाया जातो. निवडणाऱ्या मावशींना शंका आली की त्या चिमटीत तुकडा धरून काडी लावतात. मेणबत्तीसारखा वास आला, थेंब गळाले, तर पीई. नाकाला झोंबलं आणि काडी दूर करताच विझलं, तर पीव्हीसी. (घरी करून बघू नका, तो धूर वाईट.)

पुडीचं तर कारखान्यात काहीच होत नाही. तिच्यात पेट, ॲल्युमिनियम आणि पीई एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणं परवडत नाही, म्हणून पुड्या सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळल्या जातात. डंपिंग ग्राउंडपेक्षा ते बरं, पण त्याला रिसायकलिंग म्हणणं मला पटत नाही.

मोहिमांना माझा विरोध नाही. अफरोज शाह यांनी २०१५ साली वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला, पुढच्याच वर्षी त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. तो त्या मेहनतीचा मानच होता. फक्त 'इतके टन गोळा, सगळं रिसायकल' असा फलक लावू नका.

पुढची मोहीम ठरवाल तेव्हा तारखेआधी जवळच्या भंगारवाल्याला विचारा, तो काय घेईल. तेवढंच कोरडं, वाळू झटकून, वेगळ्या पोत्यात भरा. निर्माल्य आणि ओला कचरा त्याला लागू देऊ नका. त्या भागातल्या कचरावेचकांना बोलवा, त्यांना दिवसाचा मोबदला द्या. आणि पुड्या फेकण्याआधी त्यांवरच्या कंपन्यांची नावं लिहून काढा. वेष्टणाचा कचरा परत घेण्याची जबाबदारी २०१६च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ती यादी महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.