काडतुसाची मुरड

करंजी आणि काडतूस यांचें नांव एका दमांत घेतलें, तर सुगृहिणी रागावतील आणि शिकारी हंसतील. तथापि दोहोंचें मर्म एकच आहे. आंत सारण भरावयाचें आणि तें बाहेर सांडूं नये म्हणून कांठास मुरड घालावयाची. करंजीची मुरड सैल राहिली तर कढईंतलें तूप नासतें, एवढेंच. काडतुसाची मुरड चुकली तर ज्याच्या हातीं बंदूक आहे त्याचा जीव टांगणीस लागतो. म्हणूनच हातानें काडतुसें भरणारांमध्यें मुरड घालावी कीं नाहीं, आणि घालावी तर कोठें, हा वाद शिळा होत नाहीं.

या वादाची ओळख आम्हांस तळोद्यास झाली. सातपुड्याच्या पायथ्याचें हें गांव आज नंदुरबार जिल्ह्यांत आहे. १९५५ च्या सुमारास आम्ही आजोळीं जात असूं, तेव्हां तें पश्चिम खानदेशांत मोडत असे. मामांच्या ज्वारींत रानडुकरें उतरत आणि त्यांच्यापाशीं परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक होती. काडतुसें ते घरींच भरीत. पण दिवसाउजेडीं, ओसरीवर, आणि विडी ओढणारास त्या बाजूस फिरकूं न देतां. आधीं बुडाशीं टोपी, मग मापानें दारू, तीवर नमद्याचा डाट, त्यावर छर्रे आणि शेवटीं पुठ्ठ्याची पातळ चकती. मग मेजास आवळलेल्या एका लहानशा यंत्रांत काडतूस धरून ते दांडा फिरवीत, कीं कागदी नळीचा कांठ आंत वळून चकतीवर गोल बसे. नंतरच्या काळांत नळीचें तोंडच सहा किंवा आठ पाकळ्यांनीं मिटणारी मुरड रूढ झाली. तींत वरची चकतीही लागत नाहीं.

पण मामांच्या पेटींत पितळी काडतुसेंही असत आणि त्यांस ते मुरड मुळींच घालीत नसत. चकतीच्या कडेनें मेण ओतलें कीं काम झालें. हा पंक्तिप्रपंच कां, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अरे, काळी दारू उतावळी असते, तिला कोंडावं लागत नाहीं. बिनधुराची दारू मात्र कोंडल्याशिवाय नीट पेटत नाहीं." याचें शास्त्र आम्हांस पुढें कळलें. बिनधुराची दारू भोंवतालचा दाब वाढेल तशी वेगानें जळते. मुरड तिला क्षणभर अडवून धरते आणि तेवढ्यांत दाब चढतो. मुरड सैल असली तर छर्रे आधींच सुटतात, दारू अर्धवट जळते, आवाज फुसका येतो, आणि डाट नळींतच अडकून राहण्याचें भय असतें. तसा अडकलेला डाट न पाहतां दुसरा बार काढला, तर नळी फुटते.

रायफल आणि पिस्तुल यांत प्रश्न अधिक नाजूक होतो. तेथें छर्‍यांऐवजीं एकच गोळी असते आणि ती पितळी गळ्यांत घट्ट बसलेलीच असते. मग वर आणखी मुरड कशास? तर धक्क्यासाठीं. जड रिव्हॉल्व्हरचा एक बार उडाला कीं उरलेल्या काडतुसांसही हिसका बसतो; त्यांतल्या गोळ्या पुढें सरकल्या तर चक्र फिरेनासें होतें. कांहीं रायफलींत काडतुसें नळकांड्यांत एकामागें एक आडवीं असतात. तेथें पुढच्याच्या रेट्यानें मागच्याची गोळी आंत दबते आणि आंतली जागा कमी होऊन दाब भलताच वाढतो. अशा ठिकाणीं मुरड अवश्य घालावी. सैन्याच्या काडतुसांतही गोळी पक्की केलेली असते, कारण तीं कोणत्या शिपायाच्या हातीं, कोणत्या यंत्रांत पडतील, हें कारखान्यास ठाऊक नसतें.

याच्या उलट, निशाणावर एकेक काडतूस सावकाश घालून नेम धरणारे पुष्कळदां मुरड घालीतच नाहींत, आणि तें योग्यच आहे. गोळीवर मुरडीसाठीं खांच नसतांना कांठ बळानें दाबला तर गोळीच चेपते आणि नेम बिघडतो. सर्व काडतुसांची लांबी सारखी नसली तर एकास मुरड गच्च बसते, दुसऱ्यास नुसती शिवते. अति दाबलें तर काडतुसाचें अंग फुगून तें बंदुकींत शिरतच नाहीं. आपोआप चालणाऱ्या अनेक पिस्तुलांत तर काडतूस आपल्या कांठावरच टेकून उभें राहतें; तेथें कांठ आंत वळवणें म्हणजे घराचा उंबराच काढून टाकणें होय. त्यास निमुळता दाब तेवढा द्यावा.

मामांचा नियम या सर्वांस पुरून उरतो. ते म्हणत, "काडतुसाला कुठं जायचं आहे, तें आधीं विचारावं, मग मुरड." शेताच्या माळ्यावर बसून उडवावयाच्या काडतुसास ते एक न्याय लावीत आणि बैलगाडींतून धडगांवच्या घाटानें हिसके खात जाणाऱ्यास दुसरा. घट्टपणा हा स्वतः गुण नव्हे. पुढें जें सोसावयाचें, त्याच्या मानानें तो असावा.

आतां तो काळ राहिला नाहीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें बनवितां येत नाहींत आणि १९७२ च्या वन्यजीव-कायद्यानें शिकारीस बंदी घातली. मामा १९६८ सालीं वारले. कायद्याप्रमाणें बंदूक ठाण्यांत जमा करावयाची होती, तेव्हां पेटी उघडली. प्रत्येक डब्यांत त्यांच्या हातची चिठ्ठी होती: दारू कोणती, छर्रे कोणते, तारीख काय. एका डब्यांत मात्र चिठ्ठी नव्हती. आमच्या एका आप्तांनीं तो मागितला; त्यांच्यापाशींही परवाना होता, पण बंदूक आजोबांच्या वेळची, काळ्या दारूसाठींच घडविलेली. "मुरड पाहा किती सुबक आहे!" असें ते पुनःपुन्हा म्हणत होते. मामी म्हणाल्या, "भाऊजी, मुरड त्यांचीच आहे, पण आंत काय आहे तें विचारायला ते आतां नाहींत." आणि तो डबा त्यांनीं बंदुकीबरोबर ठाण्यांत धाडला.

मामींनीं कधीं बंदूक हातीं धरली नव्हती. पण या वादांतला शेवटचा मुद्दा त्यांनींच सांगितला असें आम्हांस वाटतें. त्या डब्यांत बिनधुराची दारू असती, तर तिचा दाब त्या जुन्या नळीस पेलला नसता. मुरड हाताचें कसब सांगते, पोटांतलें सांगत नाहीं. म्हणून मुरड घालणाऱ्यानें चिठ्ठीही घालावी, आणि चिठ्ठी नसेल त्या काडतुसाच्या वाटेस, तें कितीही देखणें असो, कोणीं जाऊं नये.