पडद्याच्या अलीकडे, पडद्याच्या पलीकडे

'कानात मळ साठलाय, तेवढा काढून द्या, म्हणजे पोर हाकेला ओ देईल' ही मागणी आमच्या कान-नाक-घशाच्या धंद्यात रोजची. ती ऐकायला सरळ वाटते, पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. मळ पडद्याच्या अलीकडे असतो. पोराला ऐकू कमी येण्याचं कारण बरेचदा पलीकडे, मध्यकर्णात साचलेल्या पाण्यात असतं. मुळात मळ म्हणजे घाण नव्हेच. कानाच्या नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच तो तयार होतो, कातडीला ओलसर ठेवतो, धूळ अडवतो. नळीची कातडीही पडद्याकडून बाहेर सरकत असते आणि चावताना हलणारा जबडा मळाला पुढे ढकलतो. ही चालती व्यवस्था कापसाच्या काडीने उलटी फिरते. काडीला थोडा मळ लागतो म्हणून समाधान वाटतं, उरलेला मात्र आत जाऊन ठासून बसतो.

यावर आजीचा सवाल ठरलेला: बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल घालायची रीत पिढ्यानपिढ्यांची, कोण बहिरं झालं? सवाल रास्त आहे. बहुतेकांना काही होत नाही, हे मान्य. कडक झालेला मळ मऊ करायला आम्हीही कधी तेलाचे थेंब सांगतो. पण ते पडदा शाबूत असल्याची खात्री करूनच. पडद्याला भोक असलं तर तेल मध्यकर्णात उतरतं, आणि कोकणातल्यासारख्या दमट हवेत तेलकट कानाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. निरोगी कानाने तेल सोसलं, एवढंच त्या पिढ्यांवरून सिद्ध होतं.

मग मळ कधी काढायचाच नाही का? काढायचा. त्याने कानाला दडे बसले असतील तर, किंवा तो आड आल्यामुळे पडदा दिसत नसेल तर. हे दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पलीकडचं पाणी ओळखायचं तर आधी पडदा नीट दिसायला हवा. पिचकारी मारायची तर पाणी अंगाइतकं कोमट लागतं. गार पाण्याने पोराला गरगरतं, आणि ते पुन्हा कानाला हात लावू देत नाही.

पलीकडच्या पाण्यापर्यंत मात्र कानात घातलेले थेंब पोचतच नाहीत. नाकाच्या मागून मध्यकर्णात हवा नेणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते. सर्दीने किंवा नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड गाठीमुळे तिचं काम बिघडलं की आत पाणी धरतं. बहुतेकदा ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. अँटिबायोटिक आणि सर्दीच्या गोळ्या त्याला घालवत नाहीत, तरी त्या लिहिल्या जातात, कारण रिकाम्या हाताने परत जाणं आईबापांना आणि पाठवणं डॉक्टरला जड जातं. थांबण्यात ऐन बोलायला शिकायच्या वयातले महिने वाया जातात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. अशा पाण्याने साधारण वीस-तीस डेसिबल ऐकू कमी येतं. मोठी हाक कळते, हळू बोललेलं निसटतं, आणि पोर 'लक्षच देत नाही' असा शिक्का बसतो. म्हणून थांबायचं ते मोजत: पडद्याची हालचाल तपासणारी टिंपॅनोमेट्री, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, ऐकण्याची चाचणी. टाळू दुभंगलेलं किंवा डाऊन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर घाई आधीच करावी लागते. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात ग्रॉमेट बसवण्याचा विचार करावा. डॉक्टर आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये रूढ केलेली ही इवलीशी नळी पडद्यातून हवा आत जाऊ देते आणि बहुधा वर्षभराच्या आगेमागे आपोआप गळून पडते.

पाणी ओसरेपर्यंत घरी कापसाच्या काड्या उंच फळीवर ठेवा, पोराशी समोर बसून बोला, आणि शाळेत बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा.