केळनाकाठची पाहुणी

वीतभर उंचीची ती हस्तिदंती बाई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेली आणि १९३८ साली अमेदेओ मैउरी यांच्या उत्खननात पॉम्पेईच्या एका घरात सापडली. तेव्हापासून जग तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतं. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात तू तिच्यासमोर उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, आता ही हात जोडणार. तू जोडले नाहीस. काचेला नाक टेकेल इतकी वाकलीस आणि तिचे हात न्याहाळू लागलीस. मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पोटरीपर्यंत आलेले वाळे, कमरेला मेखला, आणि वस्त्र म्हणावं असं काहीच नाही. ‘अगं, मंठ्याकडच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बाया अजून अशाच हातभर बांगड्या घालतात,’ म्हणालीस. मग तिच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या दोन लहानग्या तुला दिसल्या, हातात शृंगाराची भांडी घेतलेल्या. अभ्यासक त्यांना सेविका म्हणतात. तू मान हलवलीस. ‘सेविका कशाच्या? मैत्रिणी आहेत या. एक नटवायला आली, एक वाटे लावायला.’

ती बाई आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची असावी, असं पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांचं मत होतं. त्याआधी सगळे मथुरेकडे बोट दाखवत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनचं टेकाड खणलं, देव आणि गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला, आणि तिथं सापडलेलं हस्तिदंती काम हिच्याशी बरंच जुळलं. वाद पुरता मिटलेला नाही. तुझ्या मनात तो कधी नव्हताच. खणणारे टेकाडावर होते ते दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. तुझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि दुपारी सुकडी खात होती. ‘तिकडं ते लोक खापरं उकरून ब्रशानं पुसत होते, अन् आम्ही इकडं दगडाचं पीठ करत होतो,’ असं ती सांगायची. हे मला सांगताना तुझ्या बोलण्यात राग नसायचा. एकाच गावच्या एकाच मातीत एकाच उन्हाळ्यात दोन तऱ्हेची माणसं घाम गाळत होती, एवढंच तुला विलक्षण वाटायचं. मलाही आता वाटतं. तेव्हा मी नुसती हो हो करायचे.

मेच्या सुट्टीत तू आलीस. शिक्षिकांच्या भिशीचे पैसे आणि स्वतःची शिल्लक घालून आलीस, पिशवीत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि कुरडया घेऊन. माझं लग्न होऊन मी इकडे आले त्याला आता किती पावसाळे झाले. जालन्याचं कुणी असं उठून फक्त मला भेटायला कधी आलं नव्हतं. तुला सगळं पाहायचं होतं. स्पाक्कानापोलीची ती शहराला सरळ चिरत गेलेली गल्ली, दोन घरांमधल्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे, चर्च, किल्ले, बंदर. मी या शहरात राहत होते खरी, पण बाजार, घर आणि मुलांची शाळा यापलीकडे ते मी पाहिलंच नव्हतं. पाहुणीच्या मागं मागं फिरताना ते मला पहिल्यांदा दिसलं. तू कुठंही थांबायचीस. लिंबाच्या गाड्याशी थांबलीस, एक भलंमोठं लिंबू हातात तोललंस आणि त्या विक्रेत्याला मराठीत सांगितलंस की आमच्या जालन्याची मोसंबी एकदा खाऊन पाहा. तो मनापासून हसला. काय समजला कोण जाणे.

पॉम्पेईला तू सगळ्यात जास्त वेळ घालवलास तो रस्त्यात. भित्तिचित्रं, स्नानगृहं, १८६३ पासून फिओरेल्लींनी प्लास्टर ओतून घेतलेली ती मेलेल्या माणसांची रूपं, हे सगळं पाहिलंस. त्या रूपांपाशी मात्र फार थांबली नाहीस. ‘चल, यांना असं टक लावून बघू नये,’ म्हणून माझं बोट धरून बाहेर आणलंस. मग व्हिया देल्ल आब्बोंदान्त्सा या लांब रस्त्यावर तू उकिडवी बसलीस. काळ्या दगडी फरशांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, त्यात बोटं घालून तू त्यांची खोली मोजत होतीस. याच रस्त्यावरच्या एका घरात ती हस्तिदंती बाई होती. तुझ्या डोळ्यांपुढं मात्र दुसऱ्या गाड्या होत्या. पहिल्या शतकातल्या त्या निनावी ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर घालून, वाट नसलेल्या मुलखातून, बॅरिगाझाला म्हणजे आपल्या भरूचला नेत. पैठण ते भरूच वीस दिवसांची वाट. तिथून चढणाऱ्या मालात हस्तिदंतही होतं. तू हे वर्गात शिकवत होतीस. भिंतीवर नकाशा लावून त्यावर भोकरदनपासून भरूचपर्यंत लाल दोरा ताणला होतास. ‘पुढं समुद्र लागतो, तिथं माझा दोरा संपतो,’ म्हणालीस. भोगवर्धनच्या, म्हणजे जुन्या भोकरदनच्या लोकांनी सांचीच्या अन् भारहुतच्या स्तूपांना दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत, हेही तूच मला त्या रस्त्यात बसून सांगितलंस. आपल्याकडची माणसं लांब जात आलीत, पहिल्यापासून. ऊसतोडीला जातात, लग्न होऊन जातात, शिकायला जातात. आपल्या जिल्ह्याचं हे जाणं तुला कमीपणाचं वाटत नव्हतं. गेलेल्यांची गावात नोंद राहत नाही, याचं तुला वाईट वाटायचं.

तुझा दोरा पुढं न्यायला म्हणून मी तुला पोत्सुओलीला नेलं. नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्राकाठी. अलेक्झांड्रियाची जहाजं त्या काळी इथं लागत. भारतातला माल तांबड्या समुद्रातून, मग उंटांवरून नाईलपर्यंत, तिथून अलेक्झांड्रियाला आणि मग इकडं. ती बाई नेमकी इथंच उतरली, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. ‘उतरली असेल,’ तू म्हणालीस, ‘दुसरीकडं कशाला उतरेल?’ तिथं जुन्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्या मधल्या भागावर एक काळपट पट्टा आहे, समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेला. म्हणजे ही जमीन कधीतरी खाली गेली, हे खांब समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. १८३० साली चार्ल्स लायेलनं आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. १९८२ ते १९८४ या काळातही इथली जमीन पावणेदोन मीटरहून जास्त उचलली गेली आणि जुन्या वस्तीतल्या लोकांना घरं सोडावी लागली. हे ऐकून तू कितीतरी वेळ त्या भोकांकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता शाळेतल्या मुलींसाठी काहीतरी टिपून घेशील. तू विचारलंस, ‘तू परत येणारेस का गं कधी? कायमची?’

मी उत्तर दिलं नाही. तू पुन्हा विचारलंही नाहीस. विमानतळावर तू माझ्या मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवलीस, इथं चालत नाही हे माहीत असून. आणि गेलीस.

जूनमध्ये तुझा फोन आला. मुलींना फोटो दाखवले होतेस. बाई उघडी का, असं एकीनं विचारलं, आणि तू सांगितलंस की आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी हस्तिदंतात असा देह घडवणारे हात होते, आधी ते पाहा. मला तुझा अभिमान वाटला. नंतर श्रावणात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तुझ्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि तू गेलीस. मला कळेपर्यंत तुझं सगळं होऊन गेलं होतं. भोकरदनच्या केळना नदीला त्या दिवशी पाणी होतं का, हे मी तुझ्या भावाला विचारलं. असला प्रश्न का विचारला, माहीत नाही. त्यानं सांगितलं, होतं, बऱ्यापैकी होतं.

तेव्हापासून मी संग्रहालयात जात असते. तिला कोरणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तिला गाडीवर चढवताना कुणी निरोप दिला असेल, तेही नाही. गेली तिची मूर्ती राहिली, काचेत जपली गेली, तिच्यावर निबंध लिहिले गेले. मागं राहिलेल्यांचं काय झालं, याचा कागद कुठंच नाही. आपल्या दोघींत मी गेलेली आणि तू राहिलेली, असंच मी कायम धरून चालले होते. आई म्हणायची, लेक परदेशी गेली म्हणजे अर्धी गेली. माणूस राहूनही पुरतं जाऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे शहर आता तू दाखवलंस तेवढंच माझं आहे. लिंबाच्या त्या गाड्यावरून जाते तेव्हा मान दुसरीकडं वळवते.

आणि एक गोष्ट तुला दाखवायची राहिली. आपण संग्रहालयात गेलो तेव्हा मला ती माहीत नव्हती. त्या बाईच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, खरोष्ठी लिपीतलं ‘शि’. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधारकडची लिपी. त्यामुळे काहींना ती तिकडची वाटते, काही म्हणतात पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांच्या हातून ती भरूचच्या वाटेनं गेली असेल. तिच्या डोक्यापासून खाली एक उभं भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती एकटी उभी राहण्यासाठी घडवलेलीच नव्हती. कशाचा तरी भाग होती, आरशाची मूठ म्हणा, छोट्या मेजाचा पाय म्हणा. ते अक्षर जोडणाऱ्या कारागिराची खूण असू शकतं, कोणता तुकडा कुठं बसवायचा ते कळावं म्हणून. बाकीची वस्तू गेली. तू असतीस तर भांडलीस असतीस माझ्याशी, की लिपी तिकडची असली तरी हात आपलेच.

येत्या जूनमध्ये शाळा उघडली की मी भोकरदनला येणार आहे. तुझ्या जागी आलेल्या बाईंशी बोलणं झालंय. नकाशा अजून भिंतीवर आहे म्हणाल्या, दोरा भरूचला खिळ्याला बांधलेला आहे. पुढचा टप्पा मुलींकडूनच करून घेईन. तांबडा समुद्र, नाईल, अलेक्झांड्रिया, पोत्सुओली. लाल दोऱ्याचं रीळ इथल्याच दुकानातून घेऊन ठेवलंय.