एक फुल, एक हाफ, नेवासा!

अहिल्यानगरहून (आजी-आजोबांच्या तोंडी अजून 'नगर'च!) नेवासा आहे साठेक किलोमीटर. एसटीनंच जा बरं का! एसटीबद्दल नगरकर जरा ऐटीत बोलतात. का बोलू नये? १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावरच.

तर खिडकीशी बसा. इमामपूरचा घाट यायच्या आत कंडक्टरकाका तुमच्यापाशी पोचतील. "एक फुल, एक हाफ, नेवासा!" असं खणखणीत म्हणायचं. पाच ते बारा वर्षांच्यांना हाफ. बारा उलटल्यावर गुडघे वाकवून उभं राहण्यात अर्थ नाही, काका ओळखतात! ते बटणं दाबतात, 'टिर्रर्र' असा आवाज होतो आणि कागदाची पट्टी बाहेर येते. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे तुमच्या पट्टीवर दहाएक टप्प्यांचं भाडं छापलेलं असेल.

आता सांगा पाहू, तिकीट खरोखर बाहेर पडलं हे त्या यंत्राला कळतं कसं?

तुमचे आईबाबा लहान होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. कंडक्टरच्या हातात पत्र्याची पेटी असे. तिच्यात निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे. पंच 'टिकटिक' वाजवत काका गर्दीतून वाट काढायचे, तिकिटं फाडायचे आणि भोकं पाडून हातात द्यायचे. प्रत्येक तिकिटावर क्रमांक असायचा. पुढचा क्रमांक कोणता, हे वे-बिलावर लिहून ठेवायचं. तपासनीस गाडीत चढला की तो क्रमांक जुळवून पाहणार! एक तिकीट जरी इकडचं तिकडं झालं, तरी हिशेब कंडक्टरनंच द्यायचा.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये खेळांची यंत्रं तुम्ही पाहिली असतील. चेंडू नेमका भोकात गेला की यंत्राच्या पोटातून तिकिटांची माळ सुटते. ती कोण मोजतं? उजेड! प्रत्येक तिकिटाच्या कडेला एक छोटी खाच असते. एका बाजूला बारीक दिवा, समोर उजेड ओळखणारा सेन्सर. मोटर माळ पुढं ढकलते. खाच समोर आली की उजेड पलीकडे पोचतो, 'एक तिकीट गेलं' अशी नोंद होते. ठरलेला आकडा भरला की मोटर थांबते. सेन्सरवर कागदाचा भुसा साचला, तर मात्र पंचाईत. खाच दिसतच नाही! मग तिकिटं जास्त सुटतात, नाहीतर काही वेळानं 'तिकिटं अडकली' असं समजून यंत्र गप्प बसतं. दुरुस्ती करणारा मऊ ब्रशनं सेन्सर साफ करतो आणि तिकिटांची वाट नीट जुळवतो. वाट फार घट्ट झाली की तिकीट अडकतं, फार सैल झाली की तिरकं पळतं. किती गुणांना किती तिकिटं द्यायची, हे खेळाच्या मालकाला यंत्रात आधी भरून ठेवता येतं. उगाच नाही मोठं बक्षीस लांब राहत!

एसटीच्या यंत्रात शाई नसते. त्याच्या कागदाच्या एका बाजूला खास लेप असतो. यंत्राच्या तोंडाशी टाचणीच्या टोकाहूनही बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची रांग असते, साधारण एका मिलिमीटरमध्ये आठ! रबरी रूळ कागद ओढतो आणि जिथं ठिपका तापतो तिथं लेप काळा पडतो. घरी जुन्या तिकिटावर नखानं जोरात रेघ ओढून बघा. घासल्याच्या उष्णतेनंच काळी रेघ उमटते.

यंत्रातही सेन्सर असतो, पण तो पाहतो फक्त कागद आहे की संपला. अक्षरं उमटली की नाही, ते त्याला दिसत नाही! रोल उलटा बसला, तर कागद 'टिर्रर्र' करत कोराच बाहेर येतो आणि यंत्र मात्र तिकीट विकलं म्हणून मोकळं. छापणाऱ्या भागावर धूळ बसली तर आकड्यांतून पांढरी रेघ जाते. स्पिरिटच्या बोळ्यानं हळूच पुसली की जाते. म्हणून तर काका पट्टी फाडताना तिच्यावर एक नजर टाकतात. तुम्हीही टाका. तपासनीस आला तर तुमच्या हातात ती पट्टीच असणार!

घोडेगाव, वडाळा बहिरोबा मागे पडलं की फाट्यावरून गाडी नेवाशात शिरते. प्रवरेकाठचं हे गाव. ज्ञानेश्वरी इथंच सांगितली गेली, १२९० साली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत असं सांगतात, तो पैस खांब जरूर पाहा. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात इथं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी रंगवलेली मडकी निघाली. त्यांचा रंग अजून ओळखू येतो. तुमचं तिकीट मात्र उन्हात ठेवलंत तर बघता बघता कोरं होईल. आठवण म्हणून ठेवायचं असेल, तर तारीख आणि भाडं पेन्सिलीनं वहीत उतरवून घ्या.

आणि हो, परतीच्या गाडीत ते चालत नाही. नवीन काढा!