मलकपेठेकडून पाहिलेले हैदराबाद

हैदराबादला येणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: 1591 मध्ये महंमद कुली कुत्बशहाने नव्या राजधानीत उभारलेला चारमिनार, त्याच्या जवळची मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय आणि वेळ उरल्यास गोवळकोंडा. या वास्तूंची थोरवी वादातीत आहे. परंतु ही राजधानी कुत्बशाहीनंतर कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर राहिली, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. ते शोधण्यासाठी जुन्या शहराच्या पूर्वेस, मुसी नदीच्या दक्षिण काठावरील मलकपेठेत मुक्काम करावा, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती मत झाले आहे.

मलकपेठेची ओळख आज मुख्यतः घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानामुळे आहे आणि पाहुण्याला त्या मैदानावर थांबण्याचे फारसे कारण नाही. तेथून मूसारामबाग स्थानकापर्यंत मेट्रोने जाऊन पुढे अस्मानगडच्या टेकाडाकडे वळले, की काळ्या दगडाचा, वर निमुळता होत गेलेला एक स्तंभ दिसतो. ही निजाम अलीखानाचा फ्रेंच सेनापती मिशेल रेमंड याची समाधी. मूसारामबाग हे नावही त्याच्याच नावावरून पडल्याचे सांगितले जाते. स्तंभाशेजारचा ग्रीक घाटाच्या खांबांचा मंडप 2001 मध्ये कोसळल्यावर पुन्हा बांधण्यात आला असून, समोर पसरलेल्या दाट वस्तीत तो लेखकाला काहीसा उपरा वाटला.

मराठी वाचकाला हा रेमंड परका नसावा. मार्च 1795 मध्ये खर्ड्याच्या लढाईत, म्हणजे आजच्या जामखेड तालुक्यात, पेशव्यांच्या फौजेसमोर निजामाच्या बाजूने त्याच्याच कवायती पलटणी उभ्या होत्या. त्या लढाईत इंग्रजांनी तटस्थ राहून मदत नाकारली, म्हणून पराभूत निजाम रेमंडकडे अधिकच झुकला. मात्र 25 मार्च 1798 रोजी रेमंड मरण पावला, त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाने तैनाती फौजेचा, म्हणजे आपल्या खर्चाने इंग्रजांचे सैन्य बाळगण्याचा, करार केला आणि ऑक्टोबरात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील पलटणींची शस्त्रे लढाईविना उतरवण्यात आली.

या घडामोडीचा उत्तरार्ध नदीपलीकडे कोठी भागात उभा आहे. मेट्रोने परत फिरून मलकपेठ मागे टाकले, की मुसी ओलांडून तेथे पोचता येते. रेसिडेन्सी, म्हणजे कंपनी सरकारच्या दरबारी वकिलाचे निवासस्थान, करारानंतरच्या काही वर्षांत जेम्स कर्कपॅट्रिकच्या कारकिर्दीत बांधले गेले. उंच कॉरिंथियन खांब आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे सिंह पाहताना ही इमारत राहण्यासाठी कमी आणि दरबारावर छाप पाडण्यासाठी अधिक, असा ग्रह होतो व तो चुकीचा नसावा. 1949 मध्ये येथे महिला महाविद्यालय आले, आता तेथे महिला विद्यापीठ आहे. त्यामुळे चारमिनारप्रमाणे तिकीट काढून सरळ आत जाता येईल असे गृहीत न धरता प्रवेशाची चौकशी आधी करावी.

मराठवाडा 1956 पर्यंत याच राजधानीच्या कारभाराखाली होता आणि मनमाड-औरंगाबाद-नांदेडकडून येणारी रेल्वे मलकपेठेच्या पलीकडच्या काचीगुड्यातच उतरवत असे. निदान तिकडच्या वाचकांनी तरी चारमिनारासोबत या दोन वास्तू, आधी समाधी व मग रेसिडेन्सी अशा क्रमाने, अवश्य पाहाव्यात.