अण्णांची कवळी

आमच्या घरी संध्याकाळचे जेवण दिवेलागणीपूर्वी आटोपते. त्यानंतरचा एक तास अण्णांचा असे. एखादे पुराण अथवा चरित्र घेऊन त्यांनी ओसरीवर बसायचे आणि घरातील लहानथोरांनी भोवती जमायचे, हा क्रम दूरदर्शन आले तरी मोडला नव्हता. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकविले होते. ‘श’ आणि ‘ष’ यांतील भेद ऐकणाऱ्याला स्पष्ट कळावा, असे त्यांचे वाचन. वयाच्या ७४व्या वर्षी एके संध्याकाळी त्यांनी पुस्तक माझ्या मुलीच्या हाती दिले आणि म्हणाले, “आता तू वाच बाळ, माझे डोळे शिणतात.” आम्ही ते खरे मानले. चष्म्याचा नंबर तपासून आणला. तो तोच निघाला. तरीही दोष डोळ्यांचा नसून तोंडातल्या कवळीचा असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

खुणा कमी नव्हत्या. अण्णा भाकरी आमटीत पार लगदा होईपर्यंत कुस्करू लागले होते. आवडीची शेंगदाण्याची चटणी ताटात तशीच राही. लग्नकार्याची आमंत्रणे ते काही ना काही निमित्त सांगून टाळीत. “अण्णा हल्ली चावत नाहीत, नुसते गिळतात,” असे माझ्या पत्नीने एकदा म्हटले होते. मी ते वयावर घातले. मग एका सकाळी न्हाणीघराचे दार अर्धवट उघडे होते आणि अण्णा दाढीच्या पात्याने खालची कवळी खरवडताना मला दिसले. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे ते ओशाळले. “सैल झाली आहे रे. त्या दिवशी वाचताना टक्कन वाजली आणि पोरे हसली,” एवढेच म्हणाले. मी तोंड उघडायला लावले. खालच्या हिरडीवर पांढुरक्या कडेची जखम होती. किती दिवसांची, असे विचारले तेव्हा उत्तर आले, “तीन आठवडे झाले असतील.”

त्याच दिवशी त्यांना दंतवैद्य बाईंकडे नेले. त्यांनी जखम पाहिली, बोटाने चाचपली आणि स्पष्ट सांगितले, “दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम कधीही अंगावर काढायची नसते. ही बहुधा कवळीच्या धारेची आहे. पण खात्री करायलाच हवी.” त्यांनी धार घासून दिली, कवळी पूर्ण काढून ठेवायला सांगितले आणि जखम भरली नाही, तर तुकडा काढून तपासणीला पाठवू, असेही बजावले. अण्णांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी ‘कर्करोग’ हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही आणि कोणी विसरलाही नाही. नऊ वर्षे कवळी वापरणाऱ्या वडिलांचे बोळके तोंड त्या दिवसांत मी प्रथमच पाहिले. ते पेज पीत, भिंतीकडे तोंड करून बसत. बाराव्या दिवशी बाईंनी पुन्हा पाहिले. जखम भरली होती.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले, ते आम्हांला नऊ वर्षांपूर्वीच ठाऊक असायला हवे होते. कवळी बदलत नाही, तोंड बदलते. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते आणि कालची घट्ट कवळी आज डळमळते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने धरून राहते; खालचीला तसा आधार नसतो आणि जिभेच्या हालचालीने ती उचलली जाते. कवळी थोडी सैल झाली, तर आतून नवे अस्तर घालून ती बसवता येते. म्हणूनच दुखत नसले तरी वर्षातून एकदा कवळी आणि तोंड दोन्ही दाखवावे. पात्याने मात्र कधीही खरवडू नये.

अण्णांची कवळी अस्तराच्या पलीकडे गेली होती. बाईंनी पर्याय सांगितले. काही दात शाबूत असणाऱ्यांसाठी काढघालीची अर्धी कवळी असते. ती ॲक्रिलिकची, लवचीक नायलॉनची किंवा कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या पातळ सांगाड्याची करतात. सगळे दात गेलेल्यांसाठी पूर्ण कवळी. आणि हाड बरे असेल, तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर अडकणारी कवळी, जी पुष्कळच स्थिर राहते. “या वयात हाडाला भोके नकोत,” म्हणून अण्णांनी साधी पूर्ण कवळीच पसंत केली.

“हे दात कशाचे असतात?” हा त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. ॲक्रिलिकचे, हे ऐकून त्यांना हायसे वाटले. पूर्वी तसे नव्हते. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे हस्तिदंतासारखे दात आणि माणसांचेही दात होते. १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे दात काढून युरोपात कवळ्यांसाठी विकले गेले. ॲक्रिलिक आले ते १९३०नंतरच्या दशकात. हे सारे ऐकून अण्णा म्हणाले, “मग प्लॅस्टिक बरे. कोणाचे काही घेतलेले नाही.”

मेणावर दात मांडून पाहण्याच्या दिवशी बाईंनी त्यांना एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. ‘सहासष्ट’, ‘सदुसष्ट’ म्हणताना शीळ उमटत होती. पुढचे दात किंचित सरकविले, तेव्हा ती थांबली. अण्णांचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आहे.

तिथेच बाकावर बसलेले एक गृहस्थ कर्करोगामुळे वरच्या टाळूचा भाग गमावून बसले होते. ते भोक बुजविणारी खास पट्टी घातल्यावरच त्यांना बोलता आणि पाणी पिता येई. झोपेत दात खाणाऱ्याची रात्रीची पट्टी, खेळाडूचे दंतरक्षक, झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी खालचा जबडा पुढे धरणारे साधन, ही सारी त्याच कुळातली. प्रत्येक वस्तू एकाच तोंडाच्या मापाची; म्हणून त्या तोंडाबरोबर तिचीही वेळोवेळी तपासणी हवी.

देखभालीतही आमचे पुष्कळ चुकले होते. अण्णा खरखरीत दंतमंजनाने कवळी घासत. त्याने तिच्यावर बारीक ओरखडे पडतात आणि घाण त्यांत घर करते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. कढत पाणी नको, कवळी वाकडी होते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. हिरड्या आणि जीभही ओल्या मऊ फडक्याने रोज पुसाव्यात. नातवंडांनी बोळके तोंड पाहू नये म्हणून अण्णा कवळी घालूनच झोपत. त्याने टाळूवर बुरशीचा दाह होतो. रात्री कवळी काढून ताज्या पाण्यात ठेवावी, कोरडी पडू देऊ नये, आणि पाणी रोज बदलावे.

नवी कवळी आल्यावर तीन आठवडे अण्णा खोलीचे दार लावून मोठ्याने वाचण्याचा सराव करीत होते. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवण झाले आणि त्यांनी नातीकडे हात पुढे केला. तिने काही न बोलता पुस्तक दिले. त्या तासानंतर त्यांनी सगळ्यांसमोर कवळी काढली, धुतली आणि डबीत ठेवली. कोणी हसले नाही.

वाचकहो, घरातले वडीलधारे ताटातले काही बाजूला सारू लागले किंवा बोलणे आवरते घेऊ लागले, तर ते वयावर घालू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि कवळी कशी बसते आहे, हे हळूच विचारा. मला ते विचारायला फार उशीर झाला होता.